शेअर्ड बफर्सच्या ओळीखाली कॉमेंट लिहून गेलेल्या डीबीएना (डेटाबेस सांभाळणाऱ्यांना)

सप्रेम नमस्कार.

तुमच्या आधी तिघांनी आमचा रखडणारा पोस्टग्रेस डेटाबेस सर्व्हर पाहिला. तिघांचं निदान एकच: मेमरी कमी पडतेय, शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेस डेटाचे ब्लॉक ठेवतो ती सामाईक मेमरी) वाढवा. ६४ जीबीच्या मशिनवर आकडा १६ वरून ३२, मग ४८ जीबीवर गेला आणि पोस्टग्रेस आणखीच रखडत गेला. विचारलं की ९९ टक्के हिट रेशो (शंभरातल्या ९९ वेळा ब्लॉक बफरमध्येच सापडतो) तोंडावर फेकायचे.

तुम्ही त्या ९९ कडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. सर्व्हर रखडला त्याच क्षणी व्हीएमस्टॅट ही लिनक्सची कमांड लावून एसआय-एसओ या स्वॅपच्या (मेमरी अपुरी पडली की पानं डिस्कवर ढकलतात ती जागा) रकान्यांवर बोट ठेवलंत. दोन्हीकडे आकडे पळत होते. ब्लॉक बफरमध्ये सापडला की पोस्टग्रेस हिट मोजतो. तेच पान लिनक्सने स्वॅपमध्ये ढकललेलं असलं तरी मोजणी हिटचीच. एवढं एक वाक्य आधी कुणी बोललं असतं तर!

मग मेमइन्फो या लिनक्सच्या मेमरी-अहवालातली पेजटेबल्सची ओळ, म्हणजे कुठलं पान मेमरीत कुठे आहे याच्या नोंदी. ४ केबीच्या पानांत ४८ जीबी म्हणजे सव्वा कोटी नोंदी, नोंदीला ८ बाइट. प्रत्येक कनेक्शनची स्वतंत्र बॅकएंड प्रोसेस; अशा एकेका प्रोसेसमागे ९६ एमबीपर्यंत. दिवसभर उघडी राहणारी १५० कनेक्शन्स धरली की १४ जीबी. ४८ आणि १४, झाले ६२. उरलेल्या दोनात ऑपरेटिंग सिस्टिमची कॅश, वर्कमेम (सॉर्टसारख्या कामांची मेमरी) आणि बाकी सगळा संसार. (थोडी कनेक्शन्स सगळ्यांत वाटून देणाऱ्या कनेक्शन पूलरबद्दल जे पुटपुटलात ते ऐकू आलं होतं. काम चालू आहे.)

बफरमध्ये काय आहे ते दाखवणाऱ्या बफरकॅश एक्स्टेन्शनमध्ये यूसेजकाउंट ४-५ असलेले, म्हणजे वारंवार लागणारे ब्लॉक जेमतेम ११ जीबी निघाले. म्हणून पुन्हा १६ जीबी, सोबत २ एमबीची ह्यूज पेजेस (पानं मोठी, म्हणून नोंदी कमी); ती स्वॅपमध्ये जातच नाहीत. सेटिंगही ‘ट्राय’ नव्हे, ‘ऑन’: पानं मिळाली नाहीत तर सर्व्हर उठूच नये, गुपचूप ४ केबीवर उतरू नये.

पण खरे आभार त्या कॉमेंटचे. आकडा बदलून निघून जाता आलं असतं. तुम्ही कॉन्फिग फाइलमधल्या त्या ओळीखाली लिहिलंत: ‘आधी ४८ होते. गरम भाग ११. वाढवण्याआधी पेजटेबल्स बघा.’ कोण आकडा वाढवून गेलं, त्याचं नाव नाही, टोमणा नाही. रात्री दोनला ती फाइल उघडणाऱ्या अनोळखी माणसाचा विचार करणारे लोक या धंद्यात आहेत, हे विसरायला झालं होतं.

आणि मूळ तक्रार? एका रिपोर्टचा सॉर्ट मेमरीत न मावता डिस्कवरच्या टेम्प फाइलवर सांडत होता. बफरशी संबंधच नव्हता. तुम्ही सांगितलंत तसं वर्कमेम फक्त त्या रिपोर्टच्या रोलपुरतं (डेटाबेस-युजरपुरतं) वाढवलंय. बाकी सगळ्यांना ४ एमबीच. आता क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझमध्ये ‘डिस्क’ऐवजी ‘मेमरी’ दिसतं.

मनापासून आभार.