मदरबोर्डाला एकच वाक्य?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेमिंगसाठी कॉम्प्युटर कसा जुळवावा यावरचा लेख वाचला. प्रोसेसरवर पाऊण पान, ग्राफिक्स कार्डावर दोन परिच्छेद आणि मदरबोर्डाच्या (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य सर्किट बोर्ड) वाट्याला एकच वाक्य : प्रोसेसरला जुळेल असा कोणताही चांगला बोर्ड घ्यावा. मी सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार करून देतो, बंद पडलेले दुरुस्तही करतो. अशा सल्ल्यावर विसंबून केलेल्या खरेदीचे पुढे काय होते ते माझ्या टेबलावर येते, म्हणून लिहितो आहे.

सॉकेट (प्रोसेसर बसवायची बोर्डावरची जागा) जुळले म्हणजे बोर्ड जुळला, असे लेखकाने धरून चालले आहे. ती फक्त पहिली अट झाली. इंटेलच्या एलजीए ११५१ चेच पाहा. सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर या सॉकेटवर चालत. २०१७ मध्ये आठवी पिढी आली. सॉकेटचे नाव तेच, पिना तेवढ्याच, प्रोसेसर नीट बसायचासुद्धा. पण जुन्या बोर्डावर तो चालत नसे, त्याला नव्या ३०० मालिकेचाच बोर्ड लागे. दुसरी प्रोसेसर कंपनी एएमडी, तिची तऱ्हा वेगळी. त्यांचे एएम ४ सॉकेट २०१६ मध्ये आले आणि त्याच सॉकेटवर २०२२ च्या एप्रिलमध्ये रायझन ७ ५८०० एक्स ३डी हा प्रोसेसर आला. बोर्ड बनवणाऱ्याने नवे बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम) दिले असेल, तर २०१७ मध्ये घेतलेल्या बी ३५० बोर्डावरही तो चढवता आला. बाकीचे काहीही न बदलता गेमिंगमध्ये एवढी उडी मारायची सोय त्याआधी क्वचितच मिळाली असेल.

पण तिथेही सगळे सुरळीत झाले नव्हते. २०२० च्या मे महिन्यात एएमडीने जाहीर केले होते की पुढच्या झेन ३ पिढीचे प्रोसेसर एएम ४ च्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. कारण दिले ते बायोसच्या चिपमधल्या अपुऱ्या जागेचे. बऱ्याच बोर्डांवर ती चिप १६ एमबीचीच होती. ग्राहकांनी इतका गदारोळ केला की त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. बोर्डावरच्या नखाएवढ्या चिपवरून प्रोसेसरचे भवितव्य ठरत होते! आज एएम ४ नंतरचे एएम ५ सॉकेट घेणाऱ्याला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर देण्याचा शब्द कंपनीने दिला आहे. इंटेलचे एलजीए १७०० सॉकेट २०२१ च्या अखेरीस आले, बारावी ते चौदावी पिढी त्यावर झाली आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कोअर अल्ट्रा प्रोसेसरांबरोबर एलजीए १८५१ आले. चार-पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असलेल्या माणसाला हा हिशेब कोणत्याही बेंचमार्कच्या (वेगाच्या चाचण्यांच्या) तक्त्यापेक्षा जास्त कामाचा आहे. लेखात त्याचा उल्लेख नाही.

आता टेबलावर नेहमी येणाऱ्या तक्रारीबद्दल. सगळे भाग नवे कोरे, पंखे फिरतात, रंगीत दिवे लागतात, मॉनिटर मात्र काळा. घेऊन येणाऱ्याने प्रोसेसर मेला असे ठरवूनच टाकलेले असते. कॅबिनेटची बाजू उघडली की बोर्डाच्या कडेला, रॅमच्या खाचांजवळ चार बारीक दिवे असतात. त्यातला ‘सीपीयू’ लिहिलेला पेटलेला असतो. बोर्ड एएम ५ सॉकेटचा, बी ६५० मालिकेतला, पहिल्या खेपेतला, २०२२ चे बायोस घेऊन खोक्यात पडून राहिलेला. वर बसवलेला प्रोसेसर रायझन ९००० मालिकेतला, म्हणजे २०२४ चा. बोर्डाला तो ओळखताच येत नाही. दोघेही धडधाकट, पण बोलणे होत नाही.

मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचे, म्हणजे पेन ड्राइव्हवरून नवे बायोस चढवायचे, बटण असेल तर काम सोपे आहे. बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या त्याच मॉडेलची फाइल घ्यायची, झिप उघडायची, कंपनी सांगते ते नाव फाइलला द्यायचे, फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर टाकायची, खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्ये ती लावायची आणि बटण काही सेकंद दाबून धरायचे. दिवा लुकलुकू लागतो. तो थांबेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. यासाठी बोर्डावर प्रोसेसर असण्याचीही गरज नसते, पॉवर सप्लाय जोडलेला असला की पुरे. बटण नसेल तर मात्र आधीच्या मालिकेचा प्रोसेसर कुणाकडून तरी मागून आणण्यावाचून गत्यंतर नाही. त्यामुळे बोर्डाच्या खोक्यावरच्या बाकीच्या जाहिरातीपेक्षा हे एक बटण मी आधी शोधतो.

याच्याच शेजारचा एक प्रकार : डीडीआर ५ रॅम पहिल्यांदा लावली की बोर्ड तिची जुळवणी करत बसतो आणि तेवढा वेळ, कधी कधी काही मिनिटे, पडदा काळाच राहतो. लोकांचा धीर सुटतो, ते मधेच बंद करतात, आणि पुढच्या वेळी सगळे पहिल्यापासून. थांबा, एवढाच त्यावर उपाय. ही गोष्ट छापली असती तर कितीतरी जणांची फेरी वाचली असती.

मी महाग बोर्डांची वकिली करतो आहे असे कुणी समजू नये. तोच प्रोसेसर मध्यम बी ६५० वर लावा किंवा चिलखत चढवलेल्या एक्स ६७० ई वर, गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्समध्ये (चित्रांमध्ये) नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. जास्तीचे पैसे जादा एम.२ (एसएसडीच्या) खाचा, जादा यूएसबी आणि दिव्यांचे. बोर्डाचा पैसा खरा लागतो तो प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर. रायझन ९ ७९५० एक्स २३० वॉटपर्यंत जातो, कोअर आय ९ १४९०० के ची कमाल मर्यादा २५३ वॉट. ज्या बोर्डाच्या या भागावर साधे हीटसिंकही (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) नाही तिथे हे प्रोसेसर बसतात, चालू होतात आणि पूर्ण भार आला की तापलेल्या बोर्डापायी वेग कमी करतात. मालकाला वाटते कूलर कमी पडला. तो दुसरा कूलर आणतो.

गंमत अशी की निव्वळ गेमिंगसाठी एवढा भुकेला प्रोसेसर लागतच नाही. रायझन ७ ७८०० एक्स ३डी मध्ये कोअर (काम करणारे गाभे) आठच, पण नेहमीच्या ३२ एमबी कॅशेवर (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीवर) आणखी ६४ एमबीचा थर चढवलेला, म्हणजे एकूण ९६. गेमला लागणारी माहिती त्यामुळे पुष्कळदा रॅमपर्यंत जावेच न लागता मिळते. त्याचा टीडीपी, म्हणजे कूलर निवडताना धरायची उष्णता, १२० वॉट आणि खेळताना तो त्याहून बराच कमी वीज घेतो. त्याला साधा, नीट हीटसिंक असलेला बी मालिकेचा बोर्ड पुरतो. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत. शिवाय मॉनिटर ४के असेल तर बहुतेक गेममध्ये अडते ते ग्राफिक्स कार्डापाशी, आणि सहा कोअरचा रायझन ५ ७६०० सुद्धा भागवून नेतो. १०८० पी वर (४के पेक्षा कमी बारकाईच्या पडद्यावर) २४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४० फ्रेम्स, हवे असतील किंवा मोठमोठी शहरे-सैन्ये चालवणारे गेम खेळायचे असतील, तेव्हा प्रोसेसरचे महत्त्व. कोणता मॉनिटर, कोणते गेम, हे न विचारता ‘सर्वोत्तम प्रोसेसर’ सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

नावातल्या अक्षरांचाही घोळ आहे. इंटेलच्या ‘के’ प्रोसेसरचा वेग वाढवायचा तर झेड मालिकेचा बोर्ड लागतो. बी ७६० वर ती सोय नाही. एएमडीकडे बी ६५० वर आहे, ए ६२० वर नाही. ‘एफ’ असेल तर प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसते. ग्राफिक्स कार्ड गेले की त्या मशीनवर बायोससुद्धा दिसत नाही, दोष शोधणे जिकिरीचे होते. थोडक्या पैशांसाठी ‘एफ’ घेऊ नका असे मी सांगतो, ऐकतात थोडेच. रॅमचे दोनच मोड्यूल (पट्ट्या) घ्यावेत, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावावेत, आणि बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवण्याची सोय) चालू करावे. रायझन ७००० वर चार मोड्यूल लावले तर रॅमचा अधिकृत वेग ३६०० वर येतो, मग ६००० ची रॅम घेऊन उपयोग काय?

आणि बोर्ड दुय्यम आहे असे अजूनही कुणाला वाटत असेल, तर २०२४ आठवावे. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर गेममध्ये क्रॅश होऊ लागले. पडद्यावर संदेश यायचा ग्राफिक्सची मेमरी संपल्याचा, त्यामुळे लोक कार्डाला दोष देत राहिले. मूळ दुखणे निघाले प्रोसेसरला जाणाऱ्या जादा व्होल्टेजचे, त्यात काही बोर्डांनी विजेच्या मर्यादा शिफारशीपेक्षा सैल ठेवलेल्या. इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कामाच्या सूचना) मात्र लोकांपर्यंत पोचला तो बोर्डाच्या नव्या बायोसमधूनच, आणि आधीच खराब झालेला प्रोसेसर त्याने बरा होत नव्हता. ज्या बोर्डासाठी कंपनी वेळेवर बायोस काढत नाही, तो घेणाऱ्याने अशा वेळी काय करावे?

तेव्हा विनंती अशी, की आपल्या पुरवणीत कोणत्याही प्रोसेसरबद्दल छापताना सोबत त्याचे सॉकेट आणि त्याबद्दल कंपनीने दिलेला शब्द, पूर्ण भाराला तो घेत असलेली वीज, चाचणी कोणत्या बोर्डावर केली ते, आणि किमान कोणते बायोस लागते ते द्यावे. शेवटची माहिती बोर्ड कंपन्यांच्या संकेतस्थळावर ‘सीपीयू सपोर्ट’ या यादीत प्रोसेसरच्या नावापुढेच लिहिलेली असते. शोधायला पाच मिनिटे लागत नाहीत.

लेखाचा दुसरा भाग पुढच्या रविवारी येणार असे आपण म्हटले आहे. त्यात पॉवर सप्लायला तरी एका वाक्यात उरकू नये.

आपला,
कॉम्प्युटर जोडणी-दुरुस्ती करणारा एक वाचक