घडीचा चाकू घेताना सांधा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली की घडीच्या चाकूंची विक्री वाढते. हुरड्याचे दिवस असतात, शेतावर पेरू, ऊस, बोरं असतात, खिशात एखादा चाकू असावा असं वाटतं. घेणारा पाते उघडतो, अंगठा धारेवर फिरवतो आणि पैसे काढतो. धार काय, नंतरही लावता येते. घडीच्या चाकूचा जीव त्याच्या सांध्यात असतो आणि तो तपासलाच जात नाही. पाते अवचित मिटून बोटावर येतं ते या सांध्याच्या दोषाने.

सांधा तपासायला दोन मिनिटं पुरतात. पाते पूर्ण उघडा, मूठ घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ टोकाजवळ पकडून आधी डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवून पाहा. डावी-उजवीकडे किंचित हलत असेल आणि सांध्याला स्क्रू असेल, तर तो आवळून दोष जातो. वर-खाली हलत असेल तर लॉक (उघडलेलं पाते अडवून धरणारा भाग) किंवा कमान (मुठीच्या पाठीतली स्प्रिंग) जिथे पात्याला टेकते ती जागाच झिजलेली किंवा चुकीची कापलेली असते. मग स्क्रू कितीही आवळा, उपयोग नाही. असा चाकू घेऊ नका. स्क्रूऐवजी ठोकलेली खीळ असेल तर डावी-उजवी हालचालही चालवून घेऊ नये. खीळ पुन्हा ठोकता येते, पण एक घाव जास्त बसला की पाते इतकं घट्ट होतं की उघडताना नख मोडतं. मग चाकू मिटून मुठीच्या खाचेत वरून बघा. पाते दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मध्ये हवं. एका बाजूला टेकत असेल तर दर वेळी मिटताना धार पट्टीवर घासते आणि पात्याचा तेवढाच भाग सारखा बोथट होत राहतो.

आता लॉक. जुन्या पद्धतीच्या कमानीच्या चाकूला लॉक नसतंच. पाठीची कमान पात्याला नुसती दाबून धरते आणि पात्याच्या पाठीवर जोर आला की ते मिटतं. हा दोष नव्हे, रचनाच तशी आहे. फळ कापायला, सुतळी तोडायला, पार्सल फोडायला हा चाकू उत्तम. मात्र त्याने टोचण्याचं काम कधीही करू नये. ठिबकच्या नळीला भोक पाडायला चाकूचं टोक वापरण्याची सवय आपल्या भागात फार आहे. टोक नळीत अडकतं, हात पुढे जातो आणि पाते बोटांवर मिटतं. त्या कामासाठी ठिबकच्या दुकानात पंच मिळतो, तोच वापरा.

लायनर लॉकमध्ये मुठीतली एक पातळ पट्टी सरकून उघडलेल्या पात्याच्या मुळामागे उभी राहते. उजेडात धरून बघा: पट्टीने पात्याच्या मुळाची निदान एक तृतीयांश जाडी अडवलेली हवी. जेमतेम कडेला टेकली असेल तर ती निसटते. नव्या चाकूतच पार पलीकडच्या बाजूला पोहोचली असेल तर झिजेसाठी जागाच उरलेली नाही. नंतर बोटं खाचेपासून दूर ठेवून, मूठ फक्त दोन्ही बाजूंनी धरून, पात्याची पाठ लाकडी टेबलावर हळूहळू दाबा आणि पाच आकडे मोजा. पाते जराही मागे सरकलं तर तो चाकू घेण्याच्या लायकीचा नाही. दुकानदाराने हे करू दिलं नाही तर दुकान बदला. मुठीवर फिरणाऱ्या कड्याचं लॉक मला सर्वांत साधं आणि भरवशाचं वाटतं, कारण कडं फिरलं आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूंना ते १९५५ पासून आहे. फक्त त्यांची मूठ लाकडाची असते, म्हणून पाण्यात भिजत ठेवू नये. लाकूड फुगलं की पाते खाचेत अडकून बसतं.

बटण दाबताच पाते उडणारा चाकू घेऊच नका. स्प्रिंगमध्ये खिशातलं सूत आणि धूळ अडकली की तो अर्धाच उघडतो, आणि बटण चुकून दाबलं गेलं तर खिशातच उघडतो.

रोजच्या कामाला साडेसहा ते आठ सेंटिमीटर पाते भरपूर झालं. पाठीची जाडी दोन ते अडीच मिलिमीटर असावी. जाड पाते दमदार दिसतं, पण चार मिलिमीटरचं पाते सफरचंद कापत नाही, पाचरीसारखं फोडतं. पोलादाचं नाव पात्यावर किंवा खोक्यावर लिहिलेलं हवं. नुसतं ‘स्टेनलेस’ लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. कठीणता रॉकवेल मापावर ५६ ते ५८ असली की धार बरीच टिकते आणि घरच्या दगडावर लागतेही. १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवणारी व्हिक्टोरिनॉक्स कंपनी आपल्या पात्यांची कठीणता ५६ ठेवते, ती याच हिशेबाने. साठच्या पुढचं पोलाद धार जास्त दिवस धरतं, पण बोथट झालं की साध्या दगडावर तास मोडतो आणि हाडावर किंवा दगडावर आपटलं तर कड तुटते. लाटांची नक्षी बघून ‘दमास्कस’ म्हणून भुलू नये. स्वस्त चाकूंवर ती नुसती वरून उठवलेली असते.

आपल्या जिल्ह्यात चाकूची खरी परीक्षा डाळिंब घेतं. साध्या कार्बन पोलादाच्या पात्याने डाळिंबाची साल कापा आणि पाते तसंच ठेवा. काही मिनिटांत ते निळसर काळं पडतं. सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं, त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. पूर्वी टॅनिनवाला हिरडा आणि हिराकस हा लोहाचा क्षार मिळून शाई बनत असे, तीच ही क्रिया. हा काळेपणा गंज नव्हे आणि त्याने पाते बिघडत नाही. घासून काढायच्या भरीस पडू नका, पाते धुऊन कोरडं करा, पुरे. तांबूस, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर मात्र तो गंज. तो लगेच बारीक पॉलिश कागद आणि तेलाने काढावा.

बागायतदारांनी एक जास्तीची गोष्ट सांभाळायला हवी. डाळिंबावरचा तेल्या रोग पसरू नये म्हणून छाटणीची हत्यारं सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने निर्जंतुक करतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यातला क्लोरीन पोलादाचा वैरी आहे. क्रोमियममुळे स्टेनलेसवर जे पातळ संरक्षक आवरण असतं ते तो भेदतो आणि पात्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. घडीच्या चाकूत तर द्रावण सांध्यात शिरून तिथेच राहतं. छाटणीसाठी कात्रीच वापरा. चाकू वापरलाच तर दिवसाचं काम संपताच साध्या पाण्याने सांध्यासकट धुवा, वाळवा, तेल द्या. दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

धारेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण चांगले चाकू इथेच वाया जातात. सायकलवरच्या किंवा मोटरच्या चाकावर विळी, कोयता पाजवून घ्यावा, त्या कामात त्या कारागिरांचा हात बसलेला असतो. घडीच्या चाकूची धार मात्र कागदाहून पातळ असते. कोरड्या चाकावर ती क्षणात तापते. कडेला पिवळसर झाक दिसली तर तापमान सव्वादोनशे अंशांच्या आसपास गेलं, निळी दिसली तर तीनशेच्या जवळ. निळी पडली म्हणजे पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याची कठीणता, उतरलं. ती धार त्या दिवशी कागद कापेल, आठवड्यात पुन्हा बोथट होईल, कारण आता तिथे मऊ लोखंडच राहिलं आहे. तेवढा भाग झिजवून काढेपर्यंत इलाज नाही. दोन चाकांच्या फटीतून ओढायची छोटी यंत्रंही टाळावीत. ती धातू ओरबाडून काढतात आणि कड करवतीसारखी होते.

हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड मिळतो, एक बाजू जाड, एक बारीक. रोजच्या चाकूला बारीक बाजू पुरते. कड तुटली असेल तरच जाड बाजू घ्या. दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही, आणि वर पाणी किंवा पातळ तेल घाला. एकदा तेल वापरलं की त्या दगडावर पुढे तेलच. आता कोन. पाते दीड सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून तीन नाण्यांच्या थप्पीइतकी, म्हणजे साधारण पाच मिलिमीटर उचललेली हवी. कोन वीस अंशांच्या आसपास येतो. थप्पी पाठीखाली ठेवून कोन डोळ्यांत भरून घ्या, मग ती काढा. नवशिक्याने धारेच्या कडेला काळ्या मार्करची रेघ ओढावी आणि दोन वेळा घासून बघावं. शाई फक्त वरच्या बाजूची गेली तर पाठ फार खाली आहे, फक्त अगदी कडेची गेली तर फार वर. सगळी रेघ पुसली गेली की कोन जुळला.

दगडावरून सालीचा पातळ पापुद्रा काढतोय अशा हाताने पाते मुळापासून टोकापर्यंत ओढा. जोर थोडाच. एकच बाजू घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला धातूची बारीक उलटलेली कड हाताला लागत नाही. ती बघायला अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा न्या, धारेच्या लांबीने कधीच नाही. ही कड मुळापासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. बहुतेकांची धार फसते ती इथेच: टोकाजवळ कड आलेली नसते तरी बाजू पालटतात. मग दुसऱ्या बाजूनेही तसंच. शेवटी एक इकडून, एक तिकडून असं दर वेळी जोर कमी करत दहा-बारा वेळा. उरलेली कड काढायला जुन्या चामडी पट्ट्याची खडबडीत बाजू चांगली, आणि ती नसेल तर दगडावर आपल्याच वर्तमानपत्राचा जुना अंक गुंडाळा. त्यावर पाते पाठीच्या दिशेने, म्हणजे उलटं ओढायचं, प्रत्येक बाजूने पंधरा-वीस वेळा. परीक्षाही त्याच कागदावर: पान हातात लोंबतं धरून वरच्या कडेपासून खाली कापा. ज्या जागी कागद अडकून फाटतो, पात्याची ती जागा पुन्हा दगडावर न्यावी लागेल. मग ती धार स्टीलच्या ताटावर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर घालवू नका. लाकडी पाट वापरा. पुठ्ठाही धार लवकर खातो, कारण त्यात मातीचे बारीक कण असतात.

सांध्याची निगा महिन्यातून एकदा, आणि यंत्रमागावर काम करणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा. तिथली हवाच सुताच्या तुसाने भरलेली असते. तूस खाचेच्या तळाशी दाबून बसतं, वर तेल असेल तर त्याची गोळी होते आणि मिटताना पात्याचं टोक तिच्यावर आपटतं. दात कोरायच्या काडीने खाच साफ करा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून, पाते उघडझाप करत जुन्या टूथब्रशने सांधा धुवा. शेवटचं पाणी बोअरचं नको. वाळल्यावर त्याचे क्षार सांध्यात पांढरे जमतात आणि खरखर सुरू होते. पिण्याच्या पाण्याने धुवा, पुसा, उघडा ठेवून तासभर वाळू द्या. लाकडी मूठ असेल तर उन्हात ठेवू नका, तडकते.

मग तेल, सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब. पंधरा-वीस वेळा उघडझाप करा आणि बाहेर आलेलं पुसून टाका. कोणतं तेल, यावर मात्र कडक राहा. स्वयंपाकघरातलं नको. करडईचं तर मुळीच नको, कारण ते हवेवर सुकून रोगणासारखं चिकट होतं. खोबरेल थंडीत थिजतं. आपल्या शहरात गल्लोगल्ली शिलाईची मशीन आहेत, त्यांचं पातळ तेल या कामाला अगदी योग्य. ज्या चाकूने फळ कापता त्याला औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन वापरा. गंज सोडवायचा फवारा तेलाच्या जागी चालत नाही, तो दोन-चार दिवसांत उडून जातो. तेल दिल्यावर सांधा ढिला वाटला तर स्क्रू एका वेळी आठवा भागच फिरवा आणि पाते हलवून बघा.

शेवटी कायद्याचं. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू शस्त्रांत मोडतो. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. म्हणून खिशातला छोटा चाकू केव्हाही, कुठेही चालतो असं मात्र नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल तेव्हा शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगायला बंदी असते, आणि त्यात पात्याची लांबी विचारात येत नाही. शहरात हा आदेश पोलीस आयुक्तांचा, ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयाचा. त्यामुळे मोहोळहून शहरात आलेला माणूस एका प्रवासात दोन हद्दींतून जातो. वारी, निवडणूक, सणांच्या मिरवणुका या दिवसांत चाकू घरी ठेवलेला बरा. न्यायालयात तो नेऊ नये, आणि विमानाने जाताना हातातल्या बॅगेत तो चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाकावा लागतो.

असे आदेश छापून येतात, पण बहुधा आतल्या पानावर, बारीक अक्षरांत. आपल्याला विनंती की त्यांची मुदत आणि हद्द पहिल्या पानावर चौकटीत द्यावी. सकाळी शेतावर किंवा कारखान्यात जाताना चाकू खिशात टाकणाऱ्या माणसाच्या नजरेला ती पडायला हवी.

आपला,
एक वाचक, सोलापूर