बंड्यास पत्र: चित्त्यांचा भात

प्रिय बंड्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन मिस्ड कॉल, दिवाळीचा मेसेज, सगळं बघितलं होतं आणि दर वेळी निवांत बोलू म्हणून ठेवून दिलं. माफ कर. तब्येत ठीक, शुगर बॉर्डरवर आहे, गोळी चालू, आईचा गुडघा तसाच. रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि लिहायला बसलोय कारण कॅम्पवर एक गोष्ट झालीय, ती घरी सांगून झाली, बँकेत एकाला सांगून झाली, दोघंही म्हणाले अरे मुलं जेवली ना, मग झालं तर. तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तर, आपल्या स्काउट ट्रूपचा डिसेंबरचा कॅम्प. आपलं जुनं शेत आता गेलं, तिथे प्लॉट पडले. यंदा डोणज्याच्या बाजूला एका पालकांच्या ओळखीनं जागा मिळाली, समोर थेट सिंहगड. सव्वीस मुलं, चार पॅट्रोल, म्हणजे सहा-सात जणांच्या चार तुकड्या. मोठे आम्ही चौघं: मी, माझा असिस्टंट, एक रोव्हर (म्हणजे मोठा स्काउट, कॉलेजला आहे, गाठी मारण्यात तुझा बाप आहे), आणि ग्रुप कमिटीतले एक पालक, गाडी घेऊन, कारण रात्री-बेरात्री एक गाडी हाताशी लागतेच. दुपारी चारला अवकाळी सर येऊन गेली. अर्धाच तास, पण सरपण सगळं भिजलं.

स्वयंपाक पॅट्रोलवार, नेहमीसारखा. गरुड, हरीण, मोर यांचं साडेआठला जेवण उरकलं. चित्त्यांची चूलच पेटेना. त्यांचा पीएल, म्हणजे पॅट्रोल लीडर, तेरा वर्षांचा आहे, जूनमध्ये मुलांनी निवडून दिलेला, पीएल म्हणून पहिलाच कॅम्प. तू त्याला बघितलं नाहीयेस पण तुला तो लगेच कळेल, बोलतो कमी आणि राग आला की आधी कान लाल होतात. त्यानं चर वाऱ्याच्या उलट खणला होता. आठ वाजता त्याला ते आपलं आपण कळलं, मग सगळं उपसून दुसरा चर खणला, एकाला तंबूतली कोरडी पुठ्ठ्याची खोकी फाडायला बसवलं, लहान दोघांना झाडाखालच्या सुक्या काटक्या आणायला पाठवलं, स्वतः पोटावर पडून फुंकर मारत होता. मी वीस पावलांवरनं सगळं बघत होतो. पोरगं एकही गोष्ट चुकीची करत नव्हतं, फक्त उशीर होत होता.

साडेनऊला त्यांच्यातला दहा वर्षांचा एक, आत्ता जुलैमध्ये कबमधनं, म्हणजे लहानांच्या गटातनं, वर आलेला, भूक लागली म्हणून मुसमुसायला लागला. कमिटीवाले म्हणाले, मी पटकन खाली जाऊन पार्सल घेऊन येतो, वीस मिनिटांचं काम. आणि बंड्या, मी म्हणालो, आणा.

एवढंच. एक शब्द.

पावभाजी आली, ती पण सगळ्यांनाच पुरेल एवढी, म्हणजे जेवून बसलेले गरुड आणि मोर पण तुटून पडले. चित्त्यांची पाच पोरं गाडीकडे पळाली. हा एकटा चुलीपाशी उकिडवा बसलेला. टोपातलं एक शीत काढून बोटात दाबून बघितलं, अजून कणी होती, परत झाकण ठेवलं. दहा मिनिटांनी परत एक शीत. सव्वादहाला भात झाला. चांगला मोकळा झाला होता रे. मी जवळ गेलो, म्हटलं चल, जेवून घे. तो म्हणाला, भूक नाही सर.

सकाळी झेंडावंदनाआधी माझ्या तंबूपाशी आला. एका हातात शिट्टी, एका हातात चित्त्यांचा झेंडा, नीट गुंडाळलेला. म्हणाला, दुसऱ्या कुणालातरी पीएल करा. मी विचारलं का. तर म्हणे, 'पार्सल आणायचं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलंच नाही.'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाताचा टोप तिथेच होता, वर ताटली झाकलेली, ताटलीवर दव.

आता तुला १९८९ आठवलं असणार. आपलं पिठलं. त्यात मीठ दोनदा तूच घातलंस, हे मी आजही कोर्ट ऑफ ऑनरमध्ये, म्हणजे पीएलांच्या बैठकीत, उभं राहून सांगीन, तू कितीही माझ्यावर ढकल. रात्री दहा वाजता सर, आपले तेव्हाचे स्काउटमास्तर, आपल्या पॅट्रोलला जेवायला आले, मांडी घालून बसले, पहिला घास घेतला, आणि आपण सात जण श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघतोय. त्यांनी ते ताट संपवलं आणि वर परत वाढून मागितलं. मग नुसतं विचारलं, उद्या मीठ कोण घालणार? संपला विषय. त्या रात्री त्यांच्या पिशवीत बिस्किटाचे पुडे होते, आपण सकाळी बघितले ना. काढले नाहीत त्यांनी. चौदा वर्षांच्या तुला त्यांनी पीएल म्हटलं होतं आणि पिठलं खारट झालं म्हणून त्यात काही कमीजास्त होऊ दिलं नाही.

मला ते सगळं माहीत असून मी आणा म्हणालो, हे माझ्या मनातनं जात नाहीये.

आणि हे भाताच्या टोपाशी थांबत नाही म्हणून जास्त त्रास होतोय. कॅम्पनंतर दोन दिवसांनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरू झालं. पुढच्या वेळी केटरर लावू, माणशी थोडे जास्त काढू. प्रत्येक पॅट्रोलला एक पालक इनचार्ज देऊ. एक ताई तर मनापासून म्हणाल्या, मुलांनी ट्रेकिंग, गाठी, तारे असं काहीतरी शिकावं, स्वयंपाकात तीन तास कशाला घालवायचे? येत्या रविवारी कमिटीची मीटिंग आहे आणि हे दोन्ही विषय अजेंड्यावर आहेत.

ही माणसं वाईट नाहीत बंड्या, हे आधी सांगतो, कारण तू लगेच बाह्या सरसावशील. ओपन ग्रुप आहे आपला, मागे शाळा नाही की संस्था नाही. हॉल कोण मिळवून देतं तर कमिटी. वार्षिक रजिस्ट्रेशनचे पैसे गोळा करणं, हिशोब, ताडपत्री फाटली तर नवीन आणणं, बोहरी आळीतनं दोर घासाघीस करून आणणं, सगळं तीच करतात, संध्याकाळी नोकरी-धंदा सांभाळून, फुकट. ट्रेझरर बाई एका रुपयाचा घोळ राहू देत नाहीत. पण सरांनी आखून दिलेली रेघ होती ना, पैसा, जागा, सामान आणि नवीन लीडर शोधणं हे कमिटीचं, आणि मुलं दर रविवारी काय करणार हे स्काउटमास्तर आणि पीएलांचं. सर असताना ती रेघ कुणाला दाखवावी लागायची नाही. सर आता मुलीकडे राहायला गेले, ग्रुप स्काउटमास्तरचं काम पण माझ्याच गळ्यात आहे, आणि रेघ पुसली जायला सुरुवात माझ्याच एका शब्दानं झाली.

तेव्हा पाच लीडर होते, आता ट्रूपला दोन, कब पॅकला एक ताई आणि तिच्या मदतीला एक रोव्हर. नवीन माणूस मिळत नाही. येतात, दोन रविवार छान वाटतं, मग कळतं की लीडरच्या बेसिक कोर्सला आठवडाभर सुट्टी काढायला लागते, पुढे ॲडव्हान्स, मग हिमालय वूड बॅज, आणि या सगळ्याचा पगार म्हणजे गळ्यात दोन लाकडी मणी. त्यात नियम पक्का आहे की एकट्या मोठ्या माणसानं एकट्या मुलाबरोबर राहायचं नाही, कायम दोघं हवेत. नियम बरोबरच आहे, त्यावर मी एक इंच मागे येणार नाही, पण असिस्टंटला ताप आला की मीटिंग रद्द. अशा वेळी चार पालक म्हणतात आम्ही पॅट्रोलबरोबर उभे राहतो, तर नको म्हणायला जीभ रेटत नाही.

पण मग पॅट्रोल उरतं कुठे, तू सांग. १९०७ ला ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प झाला तेव्हा स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनी वीसेक मुलं घेतली होती, इंग्लंडच्या श्रीमंत शाळांतली आणि साध्या कामगार घरांतली, एकत्र. आल्या आल्या काय केलं, तर चार पॅट्रोल पाडली, लांडगे, बैल, कावळे आणि कर्ल्यू, आणि प्रत्येकावर एक मुलगाच नायक. दर रात्री एक पॅट्रोल पहाऱ्याला, आपापली शिधासामग्री घेऊन, आपलं आपण शिजवून. सर हे सांगायचे तेव्हा तू मागे बसून कर्ल्यू म्हणजे काय, कोंबडी का, असं विचारून सगळ्यांना हसवलं होतंस, आणि पुढच्या रविवारी सरांनी तुलाच मुळा-मुठेच्या काठावर कोरल, म्हणजे तोच कर्ल्यू पक्षी, शोधून दाखवायला पाठवलं. म्हणजे सगळ्या गोष्टीचं मूळच ते आहे, सहा-सात मुलं आणि त्यांच्यातलाच एक पुढे. तिथे चाळीस वर्षांचा इनचार्ज उभा केला की मुलं त्याच्याचकडे बघणार, पीएल राहील नुसता शिट्टी वाजवायला. मग पोहण्याचा क्लास, अबॅकसचा क्लास, तसा आपला एक क्लास.

मी दुसरी बाजू पण घोळवतोय, झोपेत सुद्धा. दहा वर्षांचं पोर भुकेनं रडत होतं हे खरं. आईबाप विश्वासानं सोडतात. आग, पाणी, कडा, ताप, साप, यात मी कुणाला विचारायला थांबणार नाही, त्या क्षणी कसला पीएल आणि कसलं काय. त्यातलं काहीही तिथे नव्हतं. जेवायला पाऊण तास उशीर होता. मी त्या लहानाला त्याच्याच पॅट्रोलच्या पिशवीतले शेंगदाणे-गूळ द्यायला सुचवू शकलो असतो, ते पण पीएलच्या कानात, त्यानंच दिले असते. किंवा नुसतं त्याच्याशेजारी उकिडवं बसून विचारलं असतं, किती वेळ लागेल रे? तो म्हणाला असता पाऊण तास, आणि मी पार्सल नको म्हणालो असतो. हे सगळं मला साडेदहाला सुचलं.

तू चित्त्यांचा, आपलं तेव्हा पण चित्तेच होते, पीएल झालास तेव्हा मी तुझ्याशी तीन महिने बोललो नव्हतो, आठवतंय? दोन मतांनी. नंतर तू मलाच सेकंड, म्हणजे तुझा मदतनीस, केलंस आणि मला वाटलं सरांनी सांगितलं असणार. सरांनी नव्हतं सांगितलं, हे मला तुझ्या लग्नात सरांकडून कळलं. ते पण तुझ्यावरच सोडलं होतं त्यांनी.

तर मी काय केलंय सांगतो, मग तू काय ते बोल. शिट्टी आणि झेंडा मी घेतला नाही. त्याला म्हटलं, हे मला परत घेता येत नाही, तुला तुझ्या पॅट्रोलनं निवडलंय, रविवारी कोर्ट ऑफ ऑनर आहे, तिथे ठेव. आणि माझा पण एक विषय घे म्हटलं. तो बघतच राहिला. चारही पीएल बसतील, गरुडचा सगळ्यात सीनियर म्हणून तो चेअरमन, आणि मी त्यांच्यासमोर सांगणार आहे की चित्ता पॅट्रोलच्या स्वयंपाकात पीएलला न विचारता मी निर्णय घेतला, ती माझी चूक. पुढे काय ठरवायचं ते ते ठरवतील. असिस्टंट म्हणतोय की पोरांसमोर माफी मागितली तर शिस्त जाईल. मला तसं वाटत नाही, पण तू सांग, तू अशा बाबतीत माझ्यापेक्षा सरळ विचार करतोस.

कमिटीची मीटिंग त्याच दिवशी अकराला, त्यानंतर. तिथे मी केटररला नाही म्हणणार आहे आणि इनचार्जला पण. फक्त नाही म्हणून चालणार नाही, म्हणून पालकांना एक मागणार आहे: पुढच्या कॅम्पला ज्यांना यायचंय त्यांनी यावं, पण पाहुणे म्हणून. प्रत्येक पॅट्रोल दोन पालकांना जेवायला बोलवेल, जे शिजेल ते, जेव्हा शिजेल तेव्हा. त्या ताईंना चित्त्यांकडे बसवायचं माझ्या मनात आहे, त्यांचाच मुलगा आहे चित्त्यांत, काटक्या आणणाऱ्या दोघांतला. घरी जाऊन त्यानं आईला पावभाजीचं काही सांगितलं नाही म्हणे, ओल्या लाकडावर चूल कशी पेटवली तेच दोन दिवस सांगत होता. हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं, आणि वर केटररचं पण बोलल्या!

बाकी तुझ्या बदलीचं काय झालं? नाशिकच राहणार की नागपूर? वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे कळलं, मी फोन करायला हवा होता, त्यांना सांग. लेकीचा बारावीचा अभ्यास कसा चाललाय. काकांना नमस्कार.

आणि एक. आपल्या पॅट्रोलचा तो मोठा टोप, ज्याच्या बुडाला पोचा आहे, तुझ्याकडेच आहे ना? तू कायम म्हणतोस की सामानाच्या खोलीतनं हरवला, पण तुझ्या आईनं मला एकदा त्यातच बासुंदी वाढली होती, तेव्हा खोटं बोलू नकोस. रविवारी सकाळी आठला कोर्ट ऑफ ऑनर सुरू होईल. जमलं तर शनिवारी रात्रीच्या गाडीनं ये, झोपायला घरीच. टोप घेऊन ये. त्या मुलाला मी सांगितलंय की चित्त्यांचा जुना पीएल येईल कदाचित.

तुझा,
पक्या