खिडकीची जागा कोणत्या बाजूची, हेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत दार्जिलिंग-सिक्कीमला जाणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांची विमानाची तिकिटे या दिवसांत काढली जातात, म्हणून हे पत्र. गेल्या वर्षी सहल कंपनीकडे जादा पैसे भरून माझ्या ८१ वर्षांच्या आईसाठी खिडकीची जागा घेतली होती. ती मिळालीही, पण मुंबईहून बागडोगरा येथे जाताना उजव्या बाजूची. हिमालय उत्तरेला, म्हणजे डाव्या हाताला होता, आणि शेवटच्या अर्ध्या तासात पलीकडच्या रांगेतून ‘कांचनजंगा, कांचनजंगा’ असे आवाज येत असताना तिच्या खिडकीत केवळ मैदानावरचे धुके होते. परतीच्या प्रवासात एका तरुणाने तिला आपली उजवीकडची जागा दिली, तेव्हा ८५८६ मीटर उंचीचे ते शिखर तिने काचेला कपाळ टेकवून डोळे भरून पाहिले.

मी शाळेत भूगोल शिकवला आहे. नकाशावर दोन विमानतळांमध्ये दोरा ताणला, की कोणती बाजू घ्यावी हे बहुतेक वेळा कळते. दिल्लीहून बागडोगरा किंवा काठमांडू येथे जाताना डावी बाजू घ्यावी, येताना उजवी. दिल्लीहून लेहला विमान जवळजवळ सरळ उत्तरेकडे जाते. तिथे नुन-कुन शिखरे डावीकडे असतात आणि सकाळचे ऊन उजवीकडून येत असल्याने डाव्या खिडकीत डोळेही दिपत नाहीत. आपल्या महाराष्ट्रातही मुंबई-नागपूर सरळ रेषेच्या दक्षिणेला आधी जायकवाडीचा नाथसागर आणि पुढे लोणारचे सरोवर येते, म्हणून नागपूरला जाताना मी उजवी बाजू मागते. विमान दर वेळी त्याच रेषेवरून जाईल असे नाही, हवामानानुसार मार्ग बदलतो, तरीही निरभ्र दिवशी ही निवड सहसा वाया जात नाही.

बाजू बरोबर असली तरी पंखावरची जागा मिळाली, तर खालचे सारे झाकले जाते. पंखाच्या लगेच मागे इंजिनातून निघणाऱ्या उष्ण हवेमुळे दृश्य थरथरते, त्यामुळे पंखाच्या पुढच्या रांगा उत्तम. एका ओळीत सहा आसने असलेल्या विमानांत ‘ए’ ही डावीकडची आणि ‘एफ’ ही उजवीकडची खिडकी असते, एवढे ठाऊक असले तरी तिकीट काढताना पुरते.

खरी तक्रार पुढची आहे. काही विमानांत वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जात असल्यामुळे एखाद्या रांगेत खिडकीच नसते, आणि तरीही ती जागा ‘खिडकीची’ म्हणून जादा दराने विकली जाते. विमान कंपन्यांनी आसनांच्या नकाशात अशी रांग स्पष्ट दाखवावी आणि तिच्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत. सहल कंपन्यांनी गटाची आसने एकगठ्ठा घेताना, ज्येष्ठांना आणि आयुष्यात प्रथमच विमानात बसणाऱ्यांना, जाताना व येताना कोणती बाजू हवी हे आधी विचारावे. त्यात त्यांचा खर्च वाढत नाही. आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत प्रमुख मार्गांची डावी-उजवी बाजू सांगणारा छोटासा तक्ता दिवाळीपूर्वी छापावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक निवृत्त भूगोल शिक्षिका, सातारा