निकाल मे महिन्यात लागतो, खरा कळतो दिवाळीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी आपल्या जिल्हा पानावर शाळांच्या बातम्या येतात : 'शंभर टक्के निकालाची परंपरा कायम.' माण तालुक्यातल्या आमच्या माध्यमिक विद्यालयाचं नाव त्यात अनेकदा आलं आहे. ती बातमी मीच लिहून पाठवायचे. मुख्याध्यापिका होऊन मला आठ वर्षं झाली. त्यातली पहिली चार वर्षं फाटकावर फलक लावला, पेढे वाटले आणि मुलांच्या हातात दाखले देऊन माझं काम झालं असं समजले.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत शाळेत पहिली आलेली मुलगी घरी आली. दहावीला ब्याण्णव टक्के. म्हणाली, "बाई, मी सायन्स सोडलं. आर्ट्सला नाव घातलं." कारण विचारलं तर बराच वेळ गप्प बसली. शेवटी म्हणाली, "सर शिकवतात ते मला येत असतं बाई. पण काय शिकवतायत, तेच तास संपेपर्यंत कळत नाही." अकरावी सायन्स इंग्रजीतून. तिला त्वरण येत होतं, ॲक्सिलरेशन येत नव्हतं. संवेग, विस्थापन, अपवर्तन सगळं पक्कं. मोमेंटम, डिस्प्लेसमेंट, रिफ्रॅक्शन हे शब्द मात्र आमच्या वर्गात तिच्या कानावर पडलेच नव्हते. खरं तर मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात ते कंसात छापलेले असतात. बोर्डाच्या पेपरात कंस विचारत नाहीत, म्हणून आम्ही शिक्षक तो वाचतच नाही. त्या मुलीचं नुकसान अकरावीच्या वर्गात झालं नाही, ते माझ्या शाळेत झालं. मला ते अजून सलतं.

त्या वर्षी मी एक वही घातली. दहावी झालेलं प्रत्येक मूल दिवाळीत कुठे आहे, याची. सायन्सला गेलेल्या सोळाजणांपैकी सहाजणांनी तोवर शाखा बदलली होती. मी प्रत्येकाच्या घरी गेले. भाषेच्या खालोखाल अडचण गणिताची निघाली. दहावीच्या भूमितीत त्रिकोणमिती हे एक प्रकरण, तेही सगळं अंशांत. अकरावीत पहिल्याच प्रकरणात रेडियन, म्हणजे कोन मोजायचं दुसरं एकक, समोर येतो, आणि पुढे त्रिकोणमितीचीच दोन प्रकरणं. त्यात आमच्याकडे लेखी ऐंशी गुणांची आणि अंतर्गत वीस. वीसपैकी वीस सढळ हाताने दिले की लेखीत पंधरा मिळवून मूल पास. आम्ही पास केलं, पण त्याला समीकरण सोडवता येतं का, हे पाहिलं नाही. प्रयोगाचंही तेच. निरीक्षणाची वही सुबक, पण बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कित्येकांनी हातात धरलेला नाही.

१९७५ साली दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली आणि जुनी अकरावी मॅट्रिक गेली. माझे वडील जुन्या मॅट्रिकचे. अकरावीचा वर्ग त्यांच्याच हायस्कुलात, त्याच मास्तरांपुढे. आता ज्यांच्याकडे स्वतःचं कनिष्ठ महाविद्यालय आहे त्या शाळांचं सोडा, बाकी शाळांचा मुलाशी संबंध दाखल्यावर सही झाली की संपतो. अकरावीच्या शिक्षकांना मूल कुठून आलं ते ठाऊक नसतं, आम्हाला ते कुठे अडलं ते कळत नाही.

आम्ही आमच्यापुरते बदल केले. नववीपासून फळ्यावर मराठी शब्दाशेजारी त्याचा इंग्रजी शब्द लिहायचाच. मुलांची त्याची वेगळी वही असते, आणि घटक चाचणीत त्यावर पाच गुण. उत्तर मात्र मराठीतच समजावून सांगायचं. समज मायबोलीतच येते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. शिवाय निकालानंतर जूनपासून रोज सकाळी सात ते नऊ वर्ग घेतो : रेडियन, आलेख, इंग्रजीतून पाठाचं वाचन, आणि खरोखरचे प्रयोग. वेळ भरपूर असतो. २०२५ मध्ये निकाल १३ मे रोजी लागला. अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले आणि फेऱ्या संपून वर्ग भरेपर्यंत ऑगस्ट उजाडला. शहरातली मुलं या तीन महिन्यांत क्लासला जातात. आमची मुलं शेळ्या राखतात, नाहीतर कुणी पुण्याला काकाच्या हॉटेलात कामाला जातं.

अडचण अशी की दाखला दिल्यावर ही मुलं कागदावर आमची राहत नाहीत. 'कोणत्या आदेशाने वर्ग घेता?' असं मला विचारलं गेलं आहे. माझे दोन शिक्षक विनामोबदला येतात. प्रयोगशाळेत काही फुटलं तर ते कोणत्या खर्चात दाखवायचं, हा प्रश्न दरवर्षी उरतो.

म्हणून शिक्षण विभागाला आपल्या वृत्तपत्रातून विनंती करते. जून-जुलैमधल्या अशा वर्गांना लेखी परवानगी द्या. दुसरं, अकरावीच्या पहिल्या सत्राचे गुण मुलाच्या आधीच्या शाळेला कळवा. यू-डायसवर, म्हणजे शाळा आणि मुलांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मुलाचा क्रमांक पुढेही तोच असतो, तेव्हा ही माहिती शाळेपर्यंत पोहोचवणं अशक्य नाही. आणि आपल्यालाही एक विनंती, संपादक महोदय : मे महिन्यात आमच्या टक्केवारीला जेवढी जागा देता, तेवढी दिवाळीनंतर एकदा द्या. कुणीतरी फोन करून विचारा, तुमची मुलं आता कुठे आहेत?

गेल्या वर्षी आमच्या सकाळच्या वर्गात अकराजण होते. दिवाळीत दहाजण सायन्सलाच होते. अकरावा आयटीआयला गेला. त्याला वायरमनच व्हायचं होतं, हे तो नववीपासून सांगत होता.

आपली,
एक मुख्याध्यापिका
ता. माण, जि. सातारा