बेड अडतो कुठे?

प्रिय सतीश,

तुझ्या मानसोपचार वॉर्डाबद्दलचं पत्र दोनदा वाचलं. दाराशी भरतीसाठी ताटकळलेली माणसं आणि आत एकही बेड मोकळा नाही, या कोंडीतून मीही गेलोय. जादा बेड मागणारा अर्ज करायचा तुझा विचार आहे. जरूर कर, पण त्याआधी उद्या सकाळी प्रत्येक बेडपाशी थांबून एवढंच विचार: हा माणूस आज इथे कशासाठी आहे?

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा हादरलो होतो. एक बाई सावरल्या होत्या. झोप लागत होती, कानात येणारे आवाज थांबले होते. तरी त्या अकरा दिवस तशाच राहिल्या होत्या, कारण त्यांच्या भावाला फोन करणं हे नेमकं कुणाचंच काम नव्हतं. डॉक्टरांना वाटलं सोशल वर्करने केला असेल, सोशल वर्करला वाटलं सिस्टरने. त्या रोज खिडकीशी बसून "आज सोडणार का?" विचारायच्या आणि आम्ही "बघू" म्हणायचो. त्या "बघू"ची मला अजून लाज वाटते.

साधा हिशेब मांडून बघ. 30 बेड आणि रोज 2 भरती, म्हणजे सरासरी मुक्काम 15 दिवसांचाच परवडतो. तो 18 वर गेला की 36 बेड लागतात, आणि पेशंट तर एकही वाढलेला नसतो. वरच्या तीन दिवसांत आजाराचा वाटा किती आणि नुसत्या वाट पाहण्याचा किती, ते तूच तपास. लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाचा डोस बदलला तर रक्तातली पातळी पाच-सात दिवसांनीच बघता येते. ते थांबणं रास्त आहे. पण नमुना शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी घ्यायचा असतो. सकाळची गोळी आधीच देऊन टाकली, की तो दिवस फुकट गेला.

म्हणून डिस्चार्जचं काम भरतीच्या दिवशीच हाती घे. घरी कोण आहे, ते परत नेतील का, जायला जागा तरी आहे का, काय सुधारलं म्हणजे सोडता येईल, हे पहिल्या दोन-तीन दिवसांत लिहून काढ आणि अंदाजे तारीख ठरव. ती पेशंटलाही सांग. तारीख हुकेल, हुकू दे. पुढे ढकलताना कारण लिहावं लागेल, आणि प्रत्येक कारणापुढे एका माणसाचं नाव.

एक मात्र मनावर घे. बेड मोकळा करायच्या घाईत कुणाला अर्धवट सोडू नकोस. आत्महत्येचा धोका डिस्चार्जनंतरच्या पहिल्या काही दिवसांत, आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत 72 तासांच्या आत पेशंटला गाठायचं ठरवलंय ते याचसाठी. हातात गोळ्या, पुढच्या भेटीची तारीख आणि वेळ, रात्री-अपरात्री उचलला जाईल असा फोन नंबर, एवढं असल्याशिवाय दाराबाहेर पाठवू नकोस. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तर नाहीच. आम्ही एका मुलाला तसं सोडलं होतं. दोन दिवसांत गोळ्या संपल्या, फोन कुणी उचलला नाही, आणि आठवड्याच्या आत तो आधीपेक्षा वाईट अवस्थेत परत आला.

उद्याची फेरी झाली की मला लिही, किती नावांपुढे "वाट पाहतोय" असं लिहावं लागलं. आणि कशाची, तेही.

तुझा,
अनिल