हायब्रिड घेण्याआधी

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, चार्जिंगला कुठे लावायची, असं विचारलंस. कुठेच नाही. तू बघतोयस त्या टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा, दोन्हींना प्लगच नाही. सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलचीच. एरवी ब्रेक दाबताना गाडीच्या वेगातली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, इथे मोटर जनरेटर बनून तिच्यातली बरीचशी परत बॅटरीत आणते.

घ्यायची तर स्ट्राँग हायब्रिडच घे. माइल्डमध्ये मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटीने गाडी ओढत नाही. स्ट्राँगमध्ये दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, दोन मोटर-जनरेटर आणि ०.७६ युनिटची लिथियम बॅटरी असते. इंजिन आणि मोटरींची सांगड घालतो ग्रहमालेसारखा गिअर. मधल्या सूर्य-गिअरला पहिली मोटर, त्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या कॅरिअरला इंजिन, आणि बाहेरच्या कड्याकडे दुसरी मोटर व चाकं. त्यामुळे क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटरही नाही. पहिली मोटरच इंजिन चालू करते आणि मग त्याच्याकडूनच वीज काढून घेते.

इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं. पिस्टन वर यायला लागला तरी मिश्रण आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच राहतो, काही मिश्रण मागे ढकललं जातं. दाबलं जातं कमी, पण जळाल्यावर पिस्टनला पूर्ण लांबीचा धक्का देतं. पेट्रोलचं चीज होतं, पिकअप मात्र मार खातो. ती कसर मोटर भरून काढते.

आता तुझा नेहमीचा बोरघाट. माणसांसकट दीड टनाची गाडी सुमारे ५०० मीटर खाली उतरते, म्हणजे साधारण २ युनिट ऊर्जा. त्यातली निम्मी वाऱ्यात आणि टायरच्या घर्षणात गेली, तरी उरलेलं या छोट्या बॅटरीत मावत नाही. अर्ध्या घाटातच बॅटरी भरते आणि ब्रेकवरचा भार वाढतो. म्हणून उताराला लागतानाच गिअरचा लिव्हर ‘बी’ वर टाक. इंजिन गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत.

खरा फायदा शहरात. सिग्नलला इंजिन बंद म्हणजे धूरही बंद. वर्षाला १२,००० किलोमीटर धर. साधी ऑटोमॅटिक लिटरला १४ किलोमीटर देत असेल आणि हायब्रिड २१, तर सुमारे २८६ लिटर पेट्रोल वाचतं. लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर साडेसहाशे किलो हवेत जायचा थांबला. एक्स्प्रेसवेवर एका लयीत शंभरने चालवलीस तर हा फरक बराच घटतो. आणि रोज दोनच किलोमीटर जायचं असेल तर थंड इंजिन आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवण्यातच पेट्रोल जाईल. कंपनीच्या कागदावरचं लिटरला २७.९७ किलोमीटरचं मायलेज तिथे शोधू नकोस.

बिघाड बहुतेक साध्या गोष्टींचे. मोठी बॅटरी थंड ठेवायला पंखा केबिनमधली हवा ओढतो. त्याची जाळी धुळीने किंवा कुत्र्याच्या केसांनी तुंबली, वर कुणी पिशवी टेकवली, की बॅटरी तापते, आयुष्य घटतं. प्रत्येक सर्व्हिसिंगला ती साफ करून घे. दुसरी गोष्ट १२ व्होल्टची छोटी बॅटरी. ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी निघायला तयार असल्याचा ‘रेडी’ दिवा लागत नाही. धक्का मारून ही गाडी चालू होत नाही, दुसऱ्या बॅटरीला जोडायची जंपर केबलच लागते. टो करायची वेळ आली तर पुढची चाकं उचलूनच. नारिंगी केबलला कुणालाही हात लावू देऊ नकोस, तिच्यात जास्त व्होल्टेज असतं. आणि पावसाळ्यात ब्रेकची डिस्क गंजते, कारण ब्रेक कमी घासतात. डिस्कला पकडणाऱ्या कॅलिपरच्या पिना वर्षातून एकदा साफ करून ग्रीस लावून घे.

टेस्ट ड्राइव्हला मागे-पुढे गर्दी असलेला रस्ता निवड, आणि सेल्समनला आधी ती पंख्याची जाळी दाखवायला सांग. तिच्यावर सामान येणार असेल तर डिकीत काय कसं ठेवायचं ते तिथेच ठरव.

तुझाच,
मित्र